झालं का?

त्या शुक्रवारी आमच्या सोसायटीत शटडाऊन होता. म्हणजे पाइपलाइनच्या कामासाठी चोवीस तास पाणी बंद आणि शनिवारी सकाळी 'कमी दाबाने' पुरवठा. मीरा रोडला वाढलेलं पोर बाराखडीच्या आधी 'कमी दाबाने' वाचायला शिकतं.

शनिवारी सकाळी सहाला ग्रुपवर पहिला मेसेज पडला, 'पाणी आलं का?' मिनिटभरात दुसरा, 'आलं का पाणी?' तिसऱ्याने नुसतंच प्रश्नचिन्ह टाकलं. मग अठ्ठावीस घरांतल्या अठ्ठावीस माणसांनी स्वयंपाकघरातला नळ उघडून बघितला आणि पक्की खात्री व्हावी म्हणून बाथरूममधलाही बघितला. खाली वॉचमनने मोटर लावली होती. गच्चीतल्या टाकीत वीतभर पाणी चढलं होतं, ते या खात्र्यांमध्येच संपलं. नळातून आधी पाणी आलं, मग हवा आली, मग खोकला आला. ग्रुपवर निकाल लागला, 'आलं नाही.' पाच मिनिटांनी सगळ्यांनी पुन्हा बघितलं.

शेवटी सेक्रेटरी काका गच्चीवर गेले. टाकीत डोकावले, कठड्यापाशी आले आणि चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अहो, आलंय पाणी! तुम्ही बघताय म्हणून चढत नाहीये!"

मी हे वाक्य लिहून ठेवलं. गेली बारा वर्षं पोटासाठी मी जे करतोय, त्याचं इतकं नेमकं वर्णन अजून कुणी केलं नव्हतं.

मी पॅच मारतो. गावाकडच्या मामांना वाटतं, माझं टायरचं दुकान आहे. सुरुवातीला मी समजावून सांगायचो, आता सांगत नाही. कारण त्यांचं फारसं चुकत नाही. आमच्याकडेही भोक पडतं, आम्हीही ठिगळ लावतो. फरक इतकाच, की आम्हाला गाडी न थांबवता पंक्चर काढायचं असतं, आणि आतल्या एकाही प्रवाशाला हिसका बसता कामा नये.

गाडी कसली, तर होस्ट. म्हणजे एक दांडगा सर्व्हर, ज्याच्या पोटात तीस-चाळीस मानीव सर्व्हर राहतात. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र बंगल्यात आहोत. प्रत्यक्षात सगळे एकाच चाळीत. ही युक्ती काही आजची नाही. आयबीएमने आपल्या मोठाल्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० आणलं ते १९७२ साली, तेव्हा आमच्याकडे मिठागरं आणि भातखाचरं होती. पुढे १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी निघाली आणि २००३ मध्ये तिने व्हीमोशन नावाची जी जादू आणली, तिच्यावर माझं घर चालतं.

ही जादू मीरा रोडकराला समजावणं फार सोपं आहे, कारण इथे दर दुसरी सोसायटी रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा घेत असते. भाडेकरूंना दुसऱ्या इमारतीत हलवायचं, मूळ इमारत मोकळी करायची, काम उरकायचं आणि त्यांना परत आणून बसवायचं. पण आमच्या भाडेकरूला हलवल्याचं कळतच नाही. समजा बाईंनी गॅसवर दूध ठेवलंय. तर गॅस, पातेलं, दूध आणि दुधाकडे बघत उभ्या असलेल्या बाई, सगळं जसंच्या तसं शेजारच्या इमारतीत जातं आणि दूध तिथे उतू जातं. यंत्र चालू असतानाच त्याची मेमरी पानापानाने दुसरीकडे उतरवायची; तोवर जी पानं बदलली ती पुन्हा उतरवायची; पुन्हा बदलली ती पुन्हा; आणि अगदी थोडी उरली की निमिषभर श्वास रोखून उडी. १० गिगाबिटचं नेटवर्क असेल तर एका होस्टवरून एका वेळी अशी ८ बिऱ्हाडं हलतात. आणि मुख्य म्हणजे काम संपलं की ती परत येतात, त्याच रात्री. बिल्डर मंडळींच्या हाती हे तंत्रज्ञान अजून लागलेलं नाही.

यासाठी होस्टांच्या प्रत्येक गटात एकाची जागा कायम मोकळी ठेवावी लागते. ही मोकळी जागा हिशेब खात्याला बघवत नाही. "हा काय करतो?" "काही नाही." "मग ठेवलाय कशाला?" पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गादीवर घरातलं कुणीतरी रोज आडवं व्हायला लागतं, तसं होतं. पाहुणे दारात उभे राहिले की कळतं, गादी नाही.

आता इथवर सगळं ठीक. घोडं पेंड खातं ते पुढे.

या सगळ्या होस्टांवर एक मुकादम असतो. तोही सॉफ्टवेअरच. कुणाला कुठे हलवायचं, कुणाला विश्रांतीला पाठवायचं, पॅच कधी मारायचा, सगळं त्याच्या हातात. आणि त्याच मुकादमाकडे आणखी एक काम असतं, कम्प्लायन्स चेक. म्हणजे प्रत्येक होस्टला विचारायचं, "बाबा, तुझ्या अंगावर काय काय आहे?" त्याने सॉफ्टवेअरच्या पुडक्यांची यादी वाचून दाखवायची. मुकादमाने ती हव्या असलेल्या यादीशी ताडून बघायची, आणि चोपडीत शेरा मारायचा. शेरे चार. पास. नापास. जुळत नाही. आणि चौथा, माझा सगळ्यात लाडका, 'ठाऊक नाही'. इतका प्रामाणिक शेरा मी माणसांच्या अप्रेझलमध्ये कधी पाहिला नाही.

एका होस्टला विचारणं म्हणजे काहीच नाही. अठ्ठेचाळीस होस्टांना एकदम विचारणं म्हणजे अठ्ठेचाळीस जण एकदम यादी वाचायला लागतात आणि मुकादमाच्या हातात पेन एकच. अशा वेळी तुम्ही त्याला म्हणालात, "जरा ही आठ बिऱ्हाडं हलव," तर तो मान वर न करता म्हणतो, "रांगेत उभे राहा."

तरी लोक विचारतात, आणि उगाच विचारत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरातले हजारो होस्ट कुलूपबंद केले. एकेका होस्टला कुलूप म्हणजे आतली सगळी बिऱ्हाडं रस्त्यावर. ज्या भोकातून चोर शिरले, त्या भोकाचं ठिगळ फेब्रुवारी २०२१ मध्येच आलेलं होतं. दोन वर्षं! बैल दोन वर्षं गोठ्यात उभा होता, झोपा करायला कुणाला सवड नव्हती. त्यात आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला, की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा, आणि नोंदी १८० दिवस जपा. तेव्हापासून आमच्या ऑडिटवाल्यांची झोप गेली. ज्याची झोप जाते, तो दुसऱ्याला उठवून विचारतो, "झालं का?"

तर एका पॅचच्या रात्रीची गोष्ट. शनिवारी रात्री अकरा ते रविवारी पहाटे पाच, अठ्ठेचाळीस होस्ट. रविवारी रेल्वेचा जंबो ब्लॉक असतो ना, फास्ट गाड्या स्लो रुळांवर वळवून रिकाम्या रुळांवर काम करतात, तेच आम्ही रात्री करतो. आमचा ब्लॉकही असाच आखीव होता. मी बेडरूमच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडून बसलो. बायकोने थर्मासमध्ये चहा भरून ठेवला आणि "पंखा तीनवरून हलवू नकोस" एवढी सूचना देऊन ती झोपली.

अकराला ब्रिज सुरू झाला. मीरा रोडकराला ब्रिज म्हणजे स्टेशनचा पूल. आमच्या धंद्यात ब्रिज म्हणजे असा फोन, ज्यावर काम करणारा एक असतो आणि त्याला विचारणारे बाकीचे. त्या रात्री आम्ही सहा जण होतो. मी, माझा मॅनेजर, मॅनेजरचा मॅनेजर, ऑडिटच्या बाई, सिक्युरिटीतला एक मुलगा आणि ग्राहकाकडचे एक गृहस्थ, जे पूर्ण रात्रभर म्यूटवर होते. मध्येच फक्त त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. रात्री दीड वाजता. मी काही विचारलं नाही.

पहिला होस्ट बिनबोभाट झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला मेंटेनन्स मोडला, म्हणजे विश्रांतीला टाकला. निळी पट्टी सरकली, एक टक्का, दोन टक्के. आणि थांबली.

ज्याने हे काम केलंय त्याला 'दोन टक्के' म्हटलं की पोटात गोळा येतो. दोन टक्के म्हणजे होस्ट म्हणतोय, "मी निघायला तयार आहे, पण एक माणूस दारात उभा आहे, तो उतरत नाही." विरार गाडीच्या दारात उभं राहून मीरा रोडवाल्यांना चढू न देणारा जो असतो, त्याचा हा दूरचा भाऊ. शोध घेतला. एक जुनंपानं यंत्र. नाव 'टेस्ट२_फायनल_जुनं'. मालक कुणी नाही. त्याच्या मानीव सीडी ड्राइव्हमध्ये कुणीतरी कधीकाळी एक सीडी घालून ठेवलेली, आणि ती सीडी त्याच होस्टच्या घरच्या डिस्कवर. त्यामुळे ते हलेना. आधी सीडी काढायची, मग भाडेकरू हलणार. काम दोन सेकंदांचं. मी 'सीडी काढ' म्हटलं.

मुकादम गप्प.

पुन्हा म्हटलं. गोल फिरणारं चक्र आलं. चहा ओतला, प्यायलो, चक्र फिरतंच होतं. मग मी कामांची रांग उघडून बघितली आणि मला सेक्रेटरी काकांची आठवण झाली. रांगेत सीडी एकशे चाळिसावी होती. तिच्या आधी सगळ्या चौकश्या. पट्टी दोन टक्क्यांवर थांबलेली दिसताच मॅनेजरने 'चेक कम्प्लायन्स'चं बटण दाबलं होतं. काही होईना म्हणून मॅनेजरच्या मॅनेजरने दाबलं होतं. ऑडिटच्या बाईंनी पुराव्यासाठी स्क्रीनशॉट हवा म्हणून दाबलं होतं. सिक्युरिटीतल्या मुलाने बहुधा एकटं वाटू नये म्हणून. एकाने एकदा दाबलं की अठ्ठेचाळीस चौकश्या. चौघांनी एकेकदा दाबलं की एकशे ब्याण्णव. शिवाय कुणा उत्साही माणसाने डॅशबोर्ड केलेला, तो दर पाच मिनिटांनी स्वतःच दाबायचा. त्यात एक वाजला आणि रोजचा बॅकअप सुरू झाला. तोही मुकादमालाच विचारून कामाला लागतो.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मुकादम स्वतः भाडेकरूच! तो राहतो याच होस्टांपैकी एकात. म्हणजे डॉक्टरने पेशंटच्याच घरात पोटमाळ्यावर दवाखाना काढायचा आणि पेशंटचं छप्पर उतरवायची वेळ आली, की आपली खाट घेऊन शेजाऱ्याकडे पळायचं.

"झालं का?" मॅनेजरने विचारलं.

"सगळ्यांनी बटण दाबायचं थांबवा, मग होईल," मी म्हणालो.

ब्रिजवर शांतता पसरली. मग ऑडिटच्या बाई म्हणाल्या, "थांबलो. आता थांबलोय का आम्ही, ते कुठे दिसेल?"

पहाटे पाचपर्यंत अकरा होस्ट झाले. उरलेले सदतीस पुढच्या शनिवारवर गेले आणि सोमवारी मला ऑफिसात खुलाशाला बोलावणं आलं.

सोमवारी सकाळी साडेआठला मीरा रोड स्टेशन. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटणार नाही. काही धूर्त मंडळी आधी उलट्या दिशेने भाईंदरला जातात, तिथे सुटणाऱ्या गाडीत जागा पकडतात आणि परत मीरा रोडवरून जाताना फलाटावरच्या आम्हाला खिडकीतून पेपर वाचताना दिसतात. मी तीन गाड्या सोडल्या, चौथीत शिरलो, म्हणजे मला शिरवण्यात आलं. खुलासा देऊन, तो कुणाला समजला नाही हे समजून घेऊन दुपारी परत आलो. अडीचची वेळ, पूल रिकामा. पुलाच्या पायथ्याशी टीसी उभे. माझ्याकडे बघून बोट वाकवलं. मी पास दाखवला. त्यांनी तारीख बघितली, परत दिला. अर्ध्या मिनिटाचं काम.

काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "साहेब, सकाळी साडेआठला का नाही तपासत? खरी गर्दी तेव्हाच असते."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "साडेआठला तपासलं तर गाडी कुणाला मिळेल? पूल तुंबेल, माणसं पडतील. आणि मी उभा कुठे राहू?" मग जरा थांबून म्हणाले, "सगळ्यांना विचारायचं नसतं हो. विचारतील, एवढं वाटलं पाहिजे."

मी भारावून तिथेच उभा राहिलो, तर त्यांना वाटलं माझ्या पासात काहीतरी गडबड आहे. पुन्हा मागून घेतला.

मंगळवारी मी नवी पद्धत लिहून काढली. तपासणी शनिवारी रात्री नाही, आधीच, आठवड्याच्या मधल्या रात्री तीनला, आणि ब्लॉक उरकल्यावर पहाटे साडेपाचला एकदा. तीही आठ-आठच्या टोळीने, एक टोळी संपल्याशिवाय दुसरी नाही. बॅकअपच्या वेळेशी गाठ घालायची नाही. पॅचच्या रात्री फक्त जो होस्ट रिबूट होऊन आलाय त्यालाच विचारायचं, बाकीच्यांच्या वाटेला जायचं नाही. आणि कलम पाच, ज्यावर दोन तास खल झाला, की बटण एकाच माणसाकडे. निकाल तो एका शीटमध्ये भरेल, इतरांनी शीट वाचावी.

मीटिंगमध्ये मॅनेजरचे मॅनेजर म्हणाले, "टोळ्या कशाला? सगळ्यांना एकदम पॅच मारून टाकू. एका फटक्यात सगळं हिरवं!" मी त्यांना १९ जुलै २०२४ या शुक्रवारची आठवण करून दिली. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीचं एक सदोष अपडेट एकाच वेळी जगभर गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. कित्येकांनी ते पास जपून ठेवले असतील. आजकाल हाताने लिहिलेलं मिळतं कुठे? त्या कंपनीनेही नंतर टप्प्याटप्प्यानेच अपडेट सोडायचं ठरवलं. साहेब गप्प झाले. बहुधा त्या दिवशी ते विमानतळावर होते.

कलम पाच मात्र कुणी मान्य करेना. बटण काढून घेणं म्हणजे मानपान गेल्यासारखं. ऑडिटच्या बाई म्हणाल्या, "आम्हाला शीट चालेल, पण स्थिती ताजी आहे याची खात्री आम्ही कशी करायची?" मॅनेजर म्हणाला, "लाइव्ह पाहिजे." शेवटी मी तोडगा काढला. डॅशबोर्डवर एक नवं बटण बसवलं, चांगलं ठळक, 'आत्ताची स्थिती'. दाबलं की चक्र तीन सेकंद फिरतं आणि मग शीटमधला, रात्री तीनचा आकडा दिसतो. खाली बारीक अक्षरात तपासणीची वेळ लिहिलेली आहे, फसवणूक नाही. पण ते कुणी वाचत नाही. सगळे खूश आहेत. पहिल्याच आठवड्यात ऑडिटच्या बाईंनी 'आता सिस्टिम किती फास्ट झाली' अशी मेल टाकली आणि वर माझ्या मॅनेजरचं कौतुक केलं. ते बटण मुकादमाला जोडलेलंच नाही, हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

पुढच्या शनिवारी ब्रिजवर तेच सहा जण. पट्टी दोनवर अडकली नाही. 'टेस्ट२_फायनल_जुनं'ची सीडी मी बुधवारीच काढली होती. प्रत्येक गटात एकेक होस्ट रिकामा होई, पॅच बसे, रिबूट होई. खऱ्या सर्व्हरला रिबूट व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तो उठल्यावर आपली सगळी मेमरी चाचपून बघतो, म्हातारा माणूस चष्मा-किल्ल्या-पाकीट चाचपतो तसा. बाकीची मंडळी मनसोक्त बटण दाबत होती. चक्र तीन सेकंद फिरत होतं. ग्राहकाकडच्या गृहस्थांची शिट्टी याही वेळी दीडला झाली. आता मला तो कुकर ओळखीचा वाटायला लागलाय.

चार चाळीसला शेवटचा होस्ट आला. अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस हिरवे. असं दृश्य माझ्या नोकरीत मी पहिल्यांदाच बघत होतो. मी फोटो काढला. बायकोला उठवून दाखवला. तिने एक डोळा उघडून "छान आहे, हिरवं आहे" म्हटलं आणि कूस बदलली.

पाच वाजता मुकादमाने रोजच्या शिरस्त्याप्रमाणे कंपनीच्या कोठारातून नव्या पॅचची यादी आणली. नवा पॅच आलेला होता. हव्या असलेल्या यादीत तो आपोआप चढला. साडेपाचला, मीच लावून ठेवलेल्या वेळापत्रकानुसार, आठ-आठच्या टोळीने, कसलाही ताण न येता, अत्यंत शिस्तीत, सगळे होस्ट तपासले गेले. आठला मेल गेली. अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस लाल.

आठ वाजून दोन मिनिटांनी मॅनेजरचा फोन आला. "झालं का?"

"झालं होतं," मी म्हणालो.

तो काहीतरी बोलत राहिला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अरे, ग्रुपवर विचारतायत, आज पाणी आलं का? बघ जरा." सेक्रेटरी काकांनी नवा नियम केलाय, की फक्त वॉचमनने टाकी बघायची आणि ग्रुपवर कळवायचं, बाकी कुणी नळाला हात लावायचा नाही. त्या ठरावाला अनुमोदन माझंच आहे.

मी फोन कानाला तसाच धरून सिंकपाशी गेलो, दाराकडे एकदा बघून घेतलं, आणि नळ थोडासाच उघडला.